जुन्या पिकअपचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद होतोय, काय तपासू? (सोलापूर)

पिकअपवाला_बाळे | मंगळवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. गाडी 2009 ची डिझेल पिकअप. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे, इंटरकूलर नाही, पंप जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की "ती गाडी घेतलीच कशाला" यावर पन्नास प्रतिसाद पडतील आणि माझं काम राहील बाजूला.

धंदा भाजी-कांद्याचा. मार्केट यार्डातून माल भरून तुळजापूर, कधी पुढं धाराशिव. येताना मिळेल ते भाडं. बहुतेक खेपा पहाटे असतात, पण सध्या लग्नसराई असल्यानं दुपारी-संध्याकाळीही भरून जावं लागतं.

त्रास असा आहे. परवा संध्याकाळी उशिरा माल भरून निघालो, तुळजापूरचा घाट चढून वर चहाला थांबलो, तर बॉनेटच्या फटीतून तांबडा उजेड. उघडून बघतो तर मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून टर्बोकडं नेणाऱ्या नळ्यांचा भाग) टर्बोच्या बाजूला चक्क लाल झालेला. पाण्याचा काटा मात्र रोजच्या जागी, मध्याच्या जरा खाली. गाडी ओढत नाही, तिसऱ्यावर चढणारा घाट दुसऱ्यावर काढावा लागतो, मागं काळा धूर, ॲव्हरेजचं तर विचारूच नका.

तीन मिस्त्री झाले. पहिला म्हणतो मॅनिफोल्डला तडा आहे, टर्बोसकट बदला. दुसरा म्हणतो हेड गॅस्केट. तिसरा म्हणतो सायलेन्सर कापून मोकळा करू. मागच्या महिन्यात मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं होतं ते बदललंय. एअर फिल्टरही तेव्हाच नवा टाकलाय. कुठून सुरुवात करू?

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री 11:05

मालक, सोलापुरात सध्या माणसंच लाल व्हायलेत, गाडीचं काय घेऊन बसलात! घाट चढला की बॉनेट उघडून तांब्याभर पाणी मारायचं आणि गप चहा प्यायचा. आमच्या काकांनी आयुष्यभर हेच केलं.

डिझेलवाली_ताई | मंगळवार, रात्री 11:21

वरचा सल्ला कुणीही मनावर घेऊ नका. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. लाल झालेल्या बिडावर गार पाणी पडलं की तो तिथल्या तिथं तडकतो. टर्बोच्या घरालाही तोच धोका. आणि वाफेनं तोंड भाजलं तर ते वेगळंच.

(मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक ट्रेड शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. सहन करा.)

पहिलं म्हणजे घाबरू नका. बीड साधारण 500 ते 550 डिग्रीला पोचलं की पूर्ण अंधारात मंद लाल दिसायला लागतं. टर्बो डिझेल भरल्या गाडीनं लांब चढ चढत असेल तर टर्बोच्या तोंडाशी धुराचं तापमान 600-700 डिग्रीपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा घाटमाथ्यावर थोडीशी लाली दिसली म्हणून लगेच रोग झाला असं नाही. पण गाडी ओढत नाही, धूर काळा आहे, ॲव्हरेज पडलंय, हे सगळं बरोबरीनं आलंय. म्हणजे रोग आहे.

दुसरं, मॅनिफोल्ड स्वतःहून तापत नाही. आतून जे येतं त्यानं तो तापतो. तो बदलून काहीही होणार नाही, नवाही तितकाच लाल होईल. डिझेलमध्ये हे घडायची कारणं चार दिशांनी येतात. हवा कमी, डिझेल जास्त, जळण उशिरा, नाहीतर धुराला बाहेर पडायला वाट नाही. मॅनिफोल्डला खरंच तडा असेल तर टकटक आवाज येईल आणि तड्याभोवती काजळीचे काळे फटकारे दिसतील. ते दिसतायत का सांगा.

हेड गॅस्केटचं म्हणाल तर पाणी कमी होतंय का? रेडिएटरमध्ये बुडबुडे? काटा चढतोय? तिन्ही नसेल तर तो विषय तूर्त मिटला.

आता माझे प्रश्न. सकाळी गार गाडी कशी सुरू होते, पांढरा धूर किती वेळ राहतो? पंपाला किंवा नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) कुणी हात लावलाय का? पहाटेच्या खेपेला गाडी ओढते का, की तेव्हाही हेच? आणि मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर जागेवर आहे का?

जुळे_सोलापूरकर | बुधवार, सकाळी 8:10

ताई, एक शंका. हवा जास्त आणि इंधन कमी झालं की एक्झॉस्ट तापतो असं मी वाचलंय. म्हणजे ह्यांच्या गाडीला डिझेल कमी पडत असणार. डिझेल फिल्टर बदलून बघा म्हणावं, दोन-तीनशेत काम होईल.

डिझेलवाली_ताई | बुधवार, सकाळी 8:34

तुम्ही वाचलंय ते पेट्रोलचं. पेट्रोल गाडीत हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात लागतं, तिथं मिश्रण जरा पातळ झालं की एक्झॉस्ट तापू शकतो. डिझेल इंजिन मुळातच जादा हवेवर चालतं. जळणाची उष्णता वाटून घ्यायला सिलिंडरमध्ये भरपूर फालतू हवा असते, म्हणून धूर त्या मानानं गार राहतो. ती जादाची हवा कमी झाली, डिझेल मात्र तेवढंच पडत राहिलं, की धूर तापतो आणि काळा होतो. डिझेल कमी पडलं तर गाडी ओढणार नाही हे खरं, पण काळा धूर येणार नाही आणि मॅनिफोल्ड उलट गार राहील.

ह्याच गोंधळापायी लोक निम्मी गाडी बदलून टाकतात.

पिकअपवाला_बाळे | बुधवार, दुपारी 1:40

ताई, उत्तरं देतो. सकाळी अर्ध्या स्टार्टरला चालू होते, पांढरा धूर जवळपास नाहीच. पंपाचं सील कंपनीचंच आहे, नोझल दोन वर्षांपूर्वी तपासून घेतलेले. पाणी टाकावं लागत नाही. टकटक नाही, मॅनिफोल्डवर काजळी नाही, गॅस्केट नवं आहे ते दिसतं.

पहाटे गाडी बरी ओढते. पूर्वीइतकी नाही, पण तक्रार करावी अशीही नाही. दुपारी आणि संध्याकाळी मात्र सुरुवातीचे दहा-पंधरा किलोमीटर ठीक, मग हळूहळू दम सोडते.

पण लाल फक्त रात्रीच होतो. दुपारी कितीदा बॉनेट उघडून बघितलं, काळाच्या काळा.

पत्र्याचं कव्हर गॅस्केट करताना काढलं ते गॅरेजमध्येच राहिलं. बोल्ट सडले होते म्हणे.

डिझेलवाली_ताई | बुधवार, दुपारी 2:15

दुपारीही तो तेवढाच किंवा जास्तच तापत असणार. उन्हात तुम्हाला दिसत नाही, एवढंच. मंद लाली बघायला काळोख लागतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा नको, मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आणा. घेताना वरची मर्यादा बघा, स्वस्तातल्या काही 380 डिग्रीलाच हात टेकतात. 550 वाली घ्या. गंजलेल्या बिडावर बरा आकडा मिळतो, चकचकीत पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमवर ती साफ खोटं बोलते.

मोजायचं दोनदा. एकदा सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांनी, चारही नळ्यांवर, हेडपासून सारख्याच अंतरावर. एक नळी बाकीच्यांपेक्षा बरीच गार असेल तर तो सिलिंडर नीट पेटत नाही. एकच जास्त गरम असेल तर त्या नोझलवर संशय. दुसऱ्यांदा लोडवर घाट चढल्यावर, गाडी उभी करून लगेच, इंजिन चालू ठेवून.

तेव्हाच चारही चाकांचे हबही मोजा. एखादा ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिन बिचारं लोड ओढतंय आणि आपण डॉक्टर शोधतोय, असं व्हायचं.

पहाटे ओढते आणि तापल्यावर दम सोडते, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अक्कलकोट_रोड | बुधवार, रात्री 9:02

आमचा टॉवेलचा माल वाहणाऱ्या गाड्यांचा अनुभव सांगतो. एमआयडीसीत सुताचे तंतू हवेत असतात. कारखान्याच्या दाराशी इंजिन चालू ठेवून गाडी तास-तास उभी राहिली की एअर क्लीनरच्या तोंडाला रुईचा थर बसतो. फिल्टर काढून झटकला तर आत स्वच्छ, पण डब्याच्या तोंडाची जाळी पूर्ण बंद! आमच्या ड्रायव्हरनं नवा फिल्टर दोनदा बदलला, जाळी कुणी बघितलीच नाही. तुम्ही कांदावाले, तुमच्याकडं कांद्याची सालपटं उडतात, ती तर अजून वाईट. फिल्टर नवा आहे म्हणून हवेचा विषय सोडू नका.

मंगळवेढेकर | बुधवार, रात्री 9:47

विषयाला धरून एक इशारा. कव्हर नसलेला मॅनिफोल्ड आणि कडबा यांची गाठ पडू देऊ नका. आमच्याकडं ज्वारीचा कडबा भरताना पाचोळा खाली चेसिसवर, सायलेन्सरवर, इंजिनाच्या खोबणीत जाऊन बसतो. वाळलेलं पान पेटायला लाल लोखंड लागत नाही, त्याच्या बरंच आधी पेटतं. परतीच्या भाड्याला कडबा घेत असाल तर निघण्याआधी खाली वाकून हात फिरवा, इंजिन गार असताना.

पुणे_नाका | गुरुवार, सकाळी 7:30

मी जुना फिटर आहे, आता धंदा बंद केलाय. माझ्या मते सायलेन्सर चोक झालाय. आतल्या पडद्या गंजून तुटतात आणि वाट अडवतात. रबरी हातोडीनं ठोकून बघा, आत खळखळ आवाज येतो का. नाहीतर डाउनपाइपचा (टर्बोकडून सायलेन्सरकडं जाणाऱ्या नळीचा) जोड सैल करून एक चक्कर मारा. ओढ परत आली तर सायलेन्सर दोषी. सोपं काम.

डिझेलवाली_ताई | गुरुवार, सकाळी 7:58

काका, बरोबर. ही चाचणी करायलाच हवी, शक्यता खरी आहे. फक्त जोड सैल केल्यावर तो गरम धूर कुठं फेकला जातो ते आधी बघा. ब्रेकची नळी, वायरिंग, रबरी बुश त्या तोंडासमोर नकोत. थोडंच अंतर, रिकामा रस्ता, खिडक्या उघड्या. आणि ही फक्त चाचणी आहे, कायमचं तसं फिरायचं नाही.

जाता जाता नवख्यांसाठी सांगते. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत काही मिस्त्री नोझलचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर मेला ते शोधतात. कॉमन रेलच्या (फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीत हा उद्योग चुकूनही करू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत जाते, वरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि बोट गमावायची वेळ येते. जुन्या पंपालाही हात लावायचा तर जाणत्यानंच, गॉगल-हातमोजे घालून.

पिकअपवाला_बाळे | शुक्रवार, रात्री 11:30

आकडे आणलेत.

सकाळी गार, आयडलवर, दोन-तीन मिनिटांनी: 92, 96, 94, 90. म्हणजे चारही सिलिंडर सारखेच.

घाट चढून, लोडवर, उभं राहिल्या राहिल्या: नळ्या 441, 452, 455, 438. टर्बोच्या तोंडाशी 528. बंदुकीचा आकडा भराभर उतरत होता, म्हणजे चालताना याहून वरच असणार. चारही हब सारखेच कोमट.

पुणे नाक्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे जोड सैल करून भरली गाडी थोडी पळवली. आवाजानं गल्लीतली कुत्री मागं लागली, पण ओढीत काडीचा फरक नाही. सायलेन्सरमध्ये खळखळही नाही.

अक्कलकोट रोडवाले, डब्याचं तोंड बघितलं. कांद्याची सालपटं निघाली खरी, ओंजळभर. साफ केलं. किंचित फरक वाटला, पण दुपारी पुन्हा तेच रडगाणं.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री 11:41

कुत्र्यांचं ऐकून बरं वाटलं बे. आता काका काय म्हणतात?

पुणे_नाका | शनिवार, सकाळी 6:55

म्हणतो की सायलेन्सर सुटला, बेल मिळाली. चारही नळ्या सारख्याच गरम म्हणजे नोझलपैकी एखादा टपकतोय असंही नाही. चारही एकदम बिघडायला मुहूर्त लागतो. टर्बो तपासा. इंजिन गार आणि बंद असताना तोंडाचा पाइप काढा, शाफ्ट बोटानं हलवून बघा. किंचित खेळ चालतो, पण पाती घराला घासत असतील तर टर्बो गेला.

डिझेलवाली_ताई | शनिवार, सकाळी 9:20

आकडे नेमके आहेत, त्यामुळं काम सोपं झालं. चारही सिलिंडर एकसारखे तापतायत, म्हणजे दोष चौघांनाही सारखा लागू होणारा आहे. टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागं पडलं असतं तर गार असताना सुरू व्हायला कुरकुर आणि पांढरा धूर असता, तो नाही. पंपाला कुणी हात लावलेला नाही. बाहेरची वाट मोकळी आहे. उरली हवा.

आता हवेतही तापल्यावरच कमी पडणारी हवा शोधायची आहे. फिल्टर तुंबला तर तो पहाटेही तुंबलेलाच असतो. टर्बोची पाती घासली तर तीही पहाटे घासतील. गार असताना धड आणि गरम झाल्यावर बिघडणारी वस्तू म्हणजे बहुतेकदा रबर. पिकअपवाले दादा, फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत जाणारा होज पाइप मूळचा आहे का?

पिकअपवाला_बाळे | शनिवार, सकाळी 9:48

नाही ताई. गॅस्केट करताना जुना होज टर्बोच्या तोंडाशी चिरला होता. मिस्त्रीनं त्याच मापाचा दुसरा बसवला. वरून बघितलं तर एकदम नवाकोरा आहे, कुठं भोक नाही, क्लॅम्प घट्ट. आयडलवर हातानं दाबून बघितला, चांगला टणक लागतो.

डिझेलवाली_ताई | शनिवार, सकाळी 10:30

आयडलवर तो टणक लागणारच, तेव्हा टर्बो जवळजवळ ओढतच नाही. लोडवर त्या होजच्या आत जोराचं शोषण असतं. म्हणून तिथं आत तारेची गुंडाळी असलेला किंवा जाड विणीचा होज लागतो. साधा पाण्याचा रबरी होज आतून दाब सोसायला बनवलेला असतो, शोषण सोसायला नाही. त्यात तुमचं पत्र्याचं कव्हर काढलेलं, म्हणजे मॅनिफोल्डची सगळी धग थेट होजवर. रबर मऊ पडतं, शोषणानं चपटं होतं, हवा तुटते. हवा तुटली की मॅनिफोल्ड अजून तापतो आणि रबर अजून मऊ होतं.

हा अंदाज झाला. आता सिद्ध करा, उगाच होज बदलू नका. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी माहीत असेलच. तशी पाच-सहा मीटर घ्या. यू आकार करून केबिनमध्ये एका फळीवर उभी बांधा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड मोकळं ठेवा, दुसरं इंजिनकडं न्या. मध्ये एक रिकामी काचेची बाटली घट्ट बुचानं जोडा, म्हणजे शोषण फार झालं तर पाणी बाटलीत पडेल, टर्बोत जाणार नाही. ही बाटली वगळू नका, पाणी इंजिनात गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लास्टिकची बाटली घेऊ नका, ती चेपते.

एकदा नळी फिल्टरच्या डब्यातून गाळलेली हवा बाहेर पडते त्या बाजूला लावा. बऱ्याच डब्यांना तुंबल्याचा इंडिकेटर लावायचं भोक असतं, तिथं. दुसऱ्यांदा होजच्या टर्बोकडच्या टोकाला, ब्रीदरचा (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारा) पाइप जिथं येऊन मिळतो त्या निपलला. ब्रीदर तेवढ्यापुरता मोकळा सोडा, पण मॅनिफोल्डपासून लांब. दोन्ही वेळी तोच चढ, तेवढाच माल. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजा. टर्बो डिझेलला साधारण 60-65 सेंटिमीटरपर्यंत शोषण चालवून घेतात, त्यावर गेलं तर कुठंतरी गळा आवळलाय. आणि गाडी चालवणाऱ्यानं फक्त रस्ता बघायचा, आकडा दुसऱ्यानं वाचायचा.

जुळे_सोलापूरकर | शनिवार, सकाळी 11:02

हे भारी आहे. सरळ नवा होज टाकला तर? परीक्षा कशाला?

डिझेलवाली_ताई | शनिवार, सकाळी 11:15

टाकू शकता. पण डब्यापाशीच फरक साठच्या वर निघाला तर होज बदलून काय मिळणार? मग पुन्हा इथं येऊन "ताईंचं ऐकलं आणि पैसे गेले" असं लिहाल.

पिकअपवाला_बाळे | सोमवार, रात्री 10:15

झालं. मेहुण्याला शेजारी बसवला, तो बांधकामावरच असतो, नळी त्याचीच. पाण्यात कुंकू टाकलं. तुळजापूरचा तोच घाट, तेवढाच कांदा, दुपारचं ऊन.

डब्यापाशी: चढावर फरक 17-18 सेंटिमीटर, वरपर्यंत तेवढाच राहिला.

टर्बोपाशी: चढ लागला तेव्हा 30 च्या आसपास. मग मेहुणा ओरडायला लागला, "चाळीस... साठ... अरे नव्वद," आणि घाट अर्धाही झाला नव्हता तर लाल पाणी सरळ वर चढून बाटलीत गडगड. त्याच क्षणी गाडीनं दम सोडला, आरशात मागं काळा ढग. ॲक्सिलरेटर सोडला की मोकळी, दाबला की परत तेच.

वर थांबून गार झाल्यावर होज काढला. बाहेरून नवाकोरा, हे खरंच. आतून दोन समोरासमोरच्या रेघा, जिथं रबर एकमेकाला चिकटून घासलंय तिथं गुळगुळीत चमक आलेली. आत तार नाही, विणीचा एकच पातळ थर. उन्हात बॉनेटवर ठेवला आणि दोन बोटांत धरला तर पोळीसारखा मिटला.

पुणे_नाका | सोमवार, रात्री 10:31

शाब्बास! मी इतकी वर्षं काम केलं, होज बघताना बाहेरूनच बघत आलो. गवंड्याची नळी मात्र कधी सुचली नाही.

अक्कलकोट_रोड | सोमवार, रात्री 10:40

कुंकवाचं पाणी वर चढताना बघायला मिळालं असतं तर मी भाडं सोडून आलो असतो. आता पुढं काय केलंत? तार असलेला होज मिळाला का?

पिकअपवाला_बाळे | बुधवार, रात्री 9:50

मिळाला. मूळ भाग मागवायला वेळ लागणार होता, म्हणून तारेची गुंडाळी असलेला सक्शनचा होज त्याच व्यासाचा घेतला. दुकानदाराला हातानं जोरात दाबून दाखवायला लावला, मगच पैसे दिले. आठशेच्या आत बसला. मॅनिफोल्ड-टर्बोचं कोटेशन तीस हजारांच्या वर होतं.

परत तीच परीक्षा केली. टर्बोपाशी घाटात 25 ते 27, शेवटपर्यंत तेवढंच. वर थांबल्या थांबल्या नळ्या साडेतीनशेच्या आसपास, टर्बोच्या तोंडाशी 415. अंधारात बघितलं, लाली नाही. घाट तिसऱ्यावर निघाला. धूर फक्त गिअर बदलताना, तोही फिक्का.

आता ताई, इतके दिवस तापून गेलाय तो, त्याचं काही तपासायचं राहिलंय का?

डिझेलवाली_ताई | बुधवार, रात्री 10:22

राहिलंय. सगळ्यात आधी पत्र्याचं कव्हर. गॅरेजमधून परत आणा, नसेल तर पत्रा कापून करून घ्या, पण होजच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्रा हवाच. नाहीतर हा होजही लवकरच कडक होऊन तडकेल. मॅनिफोल्डला कापडी पट्ट्या गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उष्णता आतच कोंडते आणि जुनं बीड तडकायला निमित्त मिळतं.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑइल जळून कोळसा होतो, तो ऑइलच्या बारीक पाइपात अडकतो आणि मग टर्बो उपाशी मरतो. तो पाइप काढून आतून बघा. पुणे नाक्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे शाफ्टचा खेळही बघा. आणि चढ चढून आलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या.

मग मॅनिफोल्डचे स्टड. लांब बिडाचा मॅनिफोल्ड तापला की लांबतो, गार झाला की आखडतो, आणि सगळा ताण टोकाच्या स्टडवर येतो. म्हणून तुटतात ते बहुतेक टोकाचेच. इंजिन गार असताना प्रत्येक नट हलका तपासा. सैल निघाला तर मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडं जात कसा, एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. गॅस्केट पुन्हा फुंकलं तर मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा आणि फिलर गेज घालून बघा. वाकला असेल तर तोंड मशीनवर सपाट करून मिळतं, नवा घ्यायची गरज नसते.

माझा अंदाज, तुमचं पहिलं गॅस्केट फुटलं ते साध्या वयोमानानं. पण तेव्हा कव्हर काढलं गेलं आणि चुकीचा होज बसला, तिथून पुढची ही सगळी रांग लागली.

मंगळवेढेकर | गुरुवार, सकाळी 6:40

ताई, आमची 2012 ची आहे, तिचा मूळ होज अजून आहे पण बोटानं दाबला की बारीक भेगा दिसतात. बदलू का?

डिझेलवाली_ताई | गुरुवार, सकाळी 7:15

भेगा वरवरच्या असतील तर हंगाम निघेल. वाकवल्यावर आतली वीण दिसत असेल तर आजच बदला. तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोत जाते आणि पाती खाते. कडब्याच्या दिवसांत तर जास्तच.

शेंगाचटणी | गुरुवार, सकाळी 7:31

काकांना वाचून दाखवला धागा. म्हणाले, आम्ही पाणी मारायचो ते रेडिएटरवर, मॅनिफोल्डवर नाही, पोरगं अर्धवट ऐकतंय. तर ताई, रेडिएटरवर मारलेलं चालतं का?

डिझेलवाली_ताई | गुरुवार, सकाळी 7:44

बाहेरून, जाळीवर, इंजिन चालू असताना, हळूहळू शिंपडलं तर फार बिघडत नाही. झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. काकांना नमस्कार सांगा.